पक्ष्यानंतरचे नऊ सेकंद

१

सकाळी साडेआठला मी तळघरातल्या माझ्या खोलीचं कुलूप काढते, हवेतला ओलावा ओढणारं यंत्र चालू करते, लिंबासारख्या वासाच्या सेद्रोनची चार पानं टाकून कपभर पाणी उकळते आणि कानांवर हेडफोन चढवते. एकतीस वर्षं हेच चाललंय. किटो शहरातल्या आमच्या विद्यापीठात पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह आहे, तो मी सांभाळते. माझं नाव ओतिलिया सेवायोस, पण इथे सगळे मला दोन्या ओती, म्हणजे ओतीबाई, म्हणतात. जंगलात मी आजवर एकदाही गेलेले नाही, कारण गाडी घाट उतरायला लागली की मला मळमळतं. तरी पश्चिम उतारावरचा कुठला पक्षी कुठल्या महिन्यात घसा बसल्यासारखा गातो, हे मला झोपेतून उठवून विचारा.

काम सोपं आहे. प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी जंगलातून रेकॉर्डिंग आणतात. प्रत्येकाच्या शेवटी रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं: नाव, जागा, तारीख, वेळ, पक्षी. ती घोषणा ठेवायची. बाकी माणसाचं जे काही असेल ते कापायचं. खोकला, बुटांची करकर, तंबूची चेन, "डास बघ किती आहेत". नोंदीत मी लिहिते 'मानवी गोंगाट', पुढे किती सेकंद कापले ते लिहिते, आणि पुढच्या पक्ष्याकडे वळते.

माझ्या हातून गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पक्षी सापडेल, पाऊस सापडेल, झाडावरून ओघळणारं पाणी सापडेल, पण माणूस सापडायचा नाही. मला याचा अभिमान होता. विभागप्रमुख डॉक्टर एफ्राइन वियाक्रेस परदेशी पाहुण्यांना मुद्दाम खाली आणायचे आणि लाडाने म्हणायचे, आमच्या ओतितासारखा कान अख्ख्या देशात नाही. मी लाजायचे. बाईच्या दिसण्याबद्दल चांगलं बोलणं लोकांनी थांबवलं की कानाबद्दलचंही गोड लागतं.

२

जूनमधला सोमवार होता. डॉक्टरांना परिषदेसाठी ग्रालारियाची जुनी रेकॉर्डिंग हवी होती, म्हणून मी गेल्या वर्षीचं एक काढलं. ग्रालारिया हा जमिनीवर चालणारा पक्षी. दिसत जवळजवळ नाही, नुसता ऐकू येतो. रेकॉर्डिंग मीच साफ केलेलं होतं. पक्षी सात वेळा बोलला, मग डॉक्टरांची घोषणा झाली, आणि ती संपल्यावर, माइकच्या अगदी जवळून, एक मुलगी हळूच म्हणाली,

"डॉक्टर, टेप चालू आहे."

मी हेडफोन काढून खोलीत पाहिलं. खोलीत मी, यंत्र आणि कप.

परत लावलं. होती. दोन सेकंदांचं वाक्य, आणि त्यानंतर सात सेकंद काहीच नाही. जंगलात काहीच नाही असं नसतं. तिथे पान पडतं, पाणी ठिबकतं. ही शांतता बंद खोलीतली होती.

मी मनाशी हिशोब मांडला. ती सहल मला आठवत होती, कारण सामान मीच भरलं होतं आणि एकट्याचंच भरलं होतं. बरोबर जाणाऱ्या मुलीला ऐनवेळी कांजिण्या आल्या, म्हणून डॉक्टर एकटे गेले होते. आणि टेप कसली? पंधरा वर्षं झाली, आमच्याकडे टेप कोणी वापरत नाही. नव्या मुलींनी तर ती पाहिलेलीही नाही.

जुन्या टेपवर आधीचा आवाज कधी कधी उरायचा, पुसला तरी. पण आताच्या मेमरी कार्डावर तसं होत नाही. मी वरच्या मजल्यावरून फाबिओलाला, विभागाच्या सेक्रेटरीला, बोलावलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. छान पक्षी आहे म्हणाली, आणि विचारलं की तुम्ही इतक्या पांढऱ्या का पडलात. तिला फक्त पक्षी ऐकू आला होता.

मी ते दोन सेकंद कापले, वर सातही कापले. नोंद केली: मानवी गोंगाट, नऊ सेकंद.

नऊ लिहिताना हात थांबला. हा आकडा मी पूर्वी एकदा लिहिला होता.

३

मला आवाज ओळखू आला होता. आला नाही असं मी सोमवारभर स्वतःला सांगत राहिले, एवढंच.

अझुसेना किश्पे. इबार्राची. २००१ साली तेवीस वर्षांची होती, आणि तिच्याइतका चांगला कान मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाचा पाहिला नाही. माझाही नाही. ती डॉक्टरांबरोबर जंगलातल्या संशोधन स्टेशनवर गेली, पाच दिवसांनी परतली, महिनाभर विभागात येत राहिली आणि एके दिवशी अभ्यास अर्धवट टाकून घरी गेली. घरची अडचण, असं अर्जात होतं.

तिच्या त्या सहलीतली टेप माझ्याकडे आली होती. पक्षी, घोषणा, मग तिचं वाक्य. त्यानंतर सात सेकंद होते आणि तेव्हा ते मुके नव्हते. त्यात एक उत्तर होतं. ते मी ऐकलं. एकदाच ऐकलं, पण माझा कान कसा आहे ते सगळ्या देशाला माहीत आहे. त्या काळी आम्ही टेप खरोखर पात्याने कापायचो आणि टोकं चिकटवायचो. मी नऊ सेकंदांचा तुकडा कापला. तो गुंडाळी होऊन टोपलीत पडला. संध्याकाळी झाडूवाली घेऊन गेली.

का, म्हणून विचाराल. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, आई अंथरुणाला खिळलेली होती आणि कायम नेमणुकीच्या कागदावर डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सही केली. तक्रार कुठे करायची, तर तक्रार समितीचे अध्यक्षही तेच. कुंपणच शेत खातं तिथे दाद कोणाकडे मागायची? ही कारणं खरी आहेत. ती मी इतक्या वेळा घोळवली आहेत की आता त्यांना चव राहिलेली नाही.

मंगळवारी सकाळी मी डॉक्टरांची बाकीची रेकॉर्डिंग लावली, २००१ नंतरची, सगळी मीच साफ केलेली. पहिल्या तीनांत अझुसेना होती. चौथ्यात आवाज वेगळा निघाला. समुद्राकडची कुणी, शब्दांची शेपटं गिळणारी. "डॉक्टर, टेप चालू आहे." पाचव्यात सर्दी झालेली एक. सहाव्यात टेप जाऊन वाक्य बदललं, "डॉक्टर, रेकॉर्डर चालू आहे." प्रत्येक मुलीमागे तेच सात सेकंद, मुके.

या बाकीच्या मुली मला आठवत नव्हत्या. पण 'मानवी गोंगाट'च्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. मी हात चालवत कापत गेले असणार, बुटांची करकर कापते तशी. अकराव्यानंतर मी हेडफोन काढले. त्यापुढेही रेकॉर्डिंग होती.

४

त्याच दुपारी यादिरा खाली आली. यादिरा तोआपांता, लाताकुंगाची, डॉक्टरांची यंदाची विद्यार्थिनी. दर मंगळवारी ती मला तिच्या गावच्या अयूया आणून द्यायची, दाताला घाम फोडणारे ते छोटे पाव. मुलीला वडील नाहीत, आई बाजारात चीज विकते. शिष्यवृत्ती डॉक्टरांच्या सहीवर, प्रबंध डॉक्टरांच्या सहीवर, आणि त्यानंतर कुठे नोकरी मिळायची ती त्यांच्या पत्रावर.

गुरुवारी स्टेशनवर निघायचंय, असं तिने सांगितलं. आधी तिघे जाणार होते. तिसऱ्याला डॉक्टरांनी काल वगळलं, सामान जास्त होतं म्हणून.

"दोन्या, तुम्ही कधी गेलात का त्यांच्याबरोबर?" तिने विचारलं.

"मला घाट लागतो, पोरी."

"पण सामान तुम्हीच भरता ना. तंबू किती देता?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. मी कार्डांच्या डब्या सारख्या करू लागले. तंबू एकच होता. गेली कित्येक वर्षं मी एकच भरत होते, कारण यादीत एकच लिहिलेला असायचा.

"मोजे गरम ने," मी म्हणाले. "तिथे पहाटे फार गारठा असतो म्हणतात."

 ती पावांची पिशवी टेबलावर ठेवून वर गेली. पायऱ्यांवर तिची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली आणि मला माझीच शिसारी आली.

५

अझुसेनाचा नंबर फाबिओलाने शोधून दिला. इबार्रात ती शाळेचे गणवेश शिवते. फोन लावला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं.

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई, दोन्या ओती, तुम्ही अजून तिथेच? तब्येत विचारली, माझी आई कधी गेली ते विचारलं. मग मी त्या सहलीचं नाव काढलं आणि मशीन थांबलं.

"कुठल्या वाक्याबद्दल विचारताय, ते कळलं मला," ती म्हणाली.

"त्यांना थांबवायला म्हणालीस ना तू?"

"त्यांना? त्यांना काय सांगायचं, दोन्या. यंत्र त्यांच्याच हातात होतं. मी तुम्हाला सांगत होते."

मी टेबलाखालच्या टोपलीकडे पाहिलं.

"सगळ्या टेप तुम्ही ऐकता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जंगलात दुसरं होतं कोण? म्हटलं, निदान दोन्या ऐकतील. माझ्या मागून जी गेली तिलाही मीच सांगितलं. असं काही झालं तर हे वाक्य म्हण, मोठ्याने नको, माइकजवळ म्हण. तिने तिच्या पुढचीला सांगितलं असेल."

"किती जणी होत्या, अझुसेना?"

"ते मला कसं माहीत असणार? ऐकलंय तुम्ही."

ती रागावून बोलत नव्हती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मग तिने सांगितलं की परत आल्यावर महिनाभर ती रोज तळघरात यायची. माझ्यासाठी कॉफी आणायची, समोर बसायची, मी काही विचारते का याची वाट बघायची.

"तुम्ही म्हणायचात, साखर जास्त झाली," ती म्हणाली.

मला ती कॉफी आठवली. खरंच गोड असायची. मी फोनवर रडले, आणि तिने, त्या मुलीने, मला धीर दिला. त्यानंतर शाळा सुरू व्हायची आहे, गिऱ्हाईक थांबलंय, असं म्हणून तिने फोन ठेवला.

६

बुधवारी सहलीचं सामान भरायचं होतं. बॅटऱ्या, माइक, पावसाळी पिशव्या. कार्ड देण्याआधी मी ते पुसून घेते आणि रिकामं झालं का ते तपासते. पुसलं. तपासलं. कार्डावर एक रेकॉर्डिंग होतं.

पुन्हा पुसलं. ते होतंच.

मी हेडफोन चढवले. ग्रालारिया सात वेळा बोलला. मग डॉक्टर, शांत, व्यवस्थित: स्टेशन, शुक्रवार, चौदा जून, पहाटे पाच चाळीस.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा तारीख होती. डॉक्टर चुकून बोलले असतील. मागच्या एखाद्या वर्षीचा चौदा जून असेल. शुक्रवार? तोही कधीतरी येतच असणार. मी अजून कारणं शोधत होते, तेवढ्यात माइकजवळून यादिरा म्हणाली, "डॉक्टर, रेकॉर्डर चालू आहे."

यादिरा आजवर एकदाही जंगलात गेलेली नव्हती.

या वेळी मी थांबवलं नाही. पुढचं ऐकायचंच, असं ठरवलं. पुढे सात सेकंद होते आणि ते मुके नव्हते. आधी एक बारीक घरघर आली. मला ती ओळखायला वेळ लागला, कारण दिवसभर कानात असलेला आवाज माणूस ऐकत नाही. ते माझं ओलावा ओढणारं यंत्र होतं. मग खुर्ची कुरकुरली, माझी. कपात चमचा टेकला. कुणीतरी नाकाने श्वास सोडला, कामाला लागताना मी सोडते तसा. आणि शेवटी एक टिचकी, बटणाची. मी कापते तेव्हा येते ती.

त्यापुढे रेकॉर्डिंग नव्हतं.

मागे दार वाजलं. डॉक्टर स्वतः खाली आले होते. सामान तयार का, ओतिता, असं विचारत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता. त्यांचा हात नेहमी हलकाच असतो.

"कार्ड रिकामं आहे ना?"

"हो, डॉक्टर," मी म्हणाले आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

७

गुरुवारी सात वाजता मी अंगणात होते. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. चालक आबेलार्दो गाडीच्या टपावर चढून दोरी आवळत होता. यादिराची बॅग वर चढली होती आणि ती पिवळा रेनकोट हातावर टाकून गाडीच्या दाराशी उभी होती. फाबिओला सहलीच्या कागदांवर सह्या घ्यायला आली होती. डॉक्टर टोपी घालून दार उघडं धरून उभे. चला बाळा, उशीर होतोय, म्हणाले.

मी एकच वाक्य पाठ करून आले होते: यादिरा, जाऊ नकोस, मी ऐकलंय. पुरावा काही नव्हता, पुरावा मीच टोपलीत टाकला होता. पण वाक्य होतं. त्यानंतर नोकरी राहिली काय आणि गेली काय. मी गाडीपर्यंत चालत गेले आणि तोंड उघडलं.

माझ्या अगदी जवळून एक मुलगी म्हणाली, "डॉक्टर, टेप चालू आहे."

मी दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती, फुललेली बोगनवेल होती. कुणी नव्हतं. वळले, तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आबेलार्दोच्या हातातली दोरी तशीच राहिली होती. या वेळी फाबिओलानेही ऐकलं होतं. तिचा हात छातीवर गेला होता.

डॉक्टरांचा चेहरा मऊ झाला. अचानक कुणी जुन्या ओळखीचं भेटलं तर होतो तसा. ते किंचित वाकले आणि खालच्या, लाडीक सुरात बोलले. तो सूर मी तेवीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता, शब्दाला शब्द तोच, आणि आजवर जिवंत माणसाला सांगितला नव्हता.

"मग बंद कर की, अझुसेना. इथे आपलं ऐकणारं कोण आहे?"

हे नाव अंगणात कुणीही घेतलं नव्हतं.

आपण काय बोललो ते त्यांना हळूहळू कळलं. हात दारावरून सुटला. त्यांनी फाबिओलाकडे पाहिलं, आणि ती एक पाऊल मागे सरली. अझुसेनाचा तो अर्ज टाईप करणारी तीच होती. डॉक्टर हसायला गेले, ओतिताची तब्येत बरी नाही वगैरे म्हणाले, आणि लगबगीने गाडीत बसू लागले. आबेलार्दो टपावरून उतरला. त्याने खिडकीतून हात घातला, किल्ली काढली आणि खिशात टाकली. मग बॅग खाली काढली आणि यादिरापुढे ठेवली.

यादिराने बॅगेकडे पाहिलंही नाही. ती माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता, पण पकड पक्की होती.

"दोन्या," ती म्हणाली, "अजून किती जणी आहेत?"

मला माहीत नव्हतं. मी मोजल्याच नव्हत्या. तेवढंच सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा माझा घसा आपोआप हलला आणि दुसरी मुलगी बोलू लागली. तिच्यामागे तिसरी थांबली आहे, हे मला जिभेच्या मुळाशी जाणवत होतं. यादिराने हात सोडला नाही. मी तोंड मिटलं नाही.